गावचं जुनं घर दुरुस्त करायचंय? आधी एक पावसाळा त्यात काढा

आमचं घर राजापूर तालुक्यात, खाडीपासून पाऊण तासाच्या चालीवर. पणजोबांनी बांधलेलं. मातीत रचलेल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मधे माजघर, दोन बाजूंना दोन खोल्या, मागे पडवी आणि स्वयंपाकघर. जोतं धरून ९०० चौरस फूट. २०२२ च्या दिवाळीनंतर काम काढलं, मे २०२३ मध्ये संपवलं. वहीत लिहिलेला अंदाज ७ लाख २० हजारांचा होता. प्रत्यक्षात गेले ९ लाख ९३ हजार. हे वरचे पावणेतीन लाख कुठे गेले, त्यातले किती वाचले असते आणि किती कुणाचेच वाचले नसते, हे आता मला नीट सांगता येतं. तुम्ही मुंबई-पुण्यात बसून गावच्या घराचा बेत आखत असाल तर आधी हे वाचा, मग मिस्त्रीला फोन करा.

१. जून ते सप्टेंबर: हात लावू नका, नुसतं बघा

बहुतेक चाकरमानी मे महिन्यात गावी जातात, कोरडं ठणठणीत घर बघतात आणि "रंग काढू, लाद्या घालू, संडास आत घेऊ" असा बेत करतात. मे महिन्यातलं कोकणातलं घर काहीच खरं बोलत नाही. ते बोलतं जुलैत. इथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. म्हणून चार-पाच दिवसांची रजा काढा आणि धो-धो पावसात घरात राहायला जा.

जाताना खडू न्या. जिथे ठिबकतं तिथे जमिनीवर गोल काढा आणि मग बॅटरी घेऊन वर बघा. आमच्या माजघरात देवघरासमोर बादली ठेवावी लागायची. वडील दरवर्षी बरोबर त्या जागेवरचं कौल बदलून घेत आणि दरवर्षी बादली परत यायची. त्या जुलैत मी शिडीवर चढून वाशावर बॅटरी मारली तर पाण्याची बारीक, चकचकीत रेघ दिसली. ती वाशाच्या पोटावरून चार फूट खाली वाहत येत होती आणि एका गाठीपाशी अडून टपकत होती. फुटकं कौल होतं वर, आढ्याजवळ. इतकी वर्षं आम्ही धडधाकट कौल बदलत होतो.

छपराखेरीज चार गोष्टी बघा. भिंतीवर ओल किती उंच चढलीय, तिथे पेन्सिलने रेघ मारून तारीख घाला. पावसाची झड कुठल्या भिंतीवर बसते ते बघा. बहुधा पश्चिम किंवा नैर्ऋत्येची भिंत असते, आणि पूर्वी तिथेच माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे. खळ्यातलं (अंगणातलं) पाणी जोत्यापासून लांब जातंय की जोत्याला येऊन थडकतंय तेही बघा. आणि विहिरीचं पाणी गढूळ होतंय का, होत असेल तर कुठल्या बाजूने येतंय, हे शेजारच्या काकींना विचारा. त्यांना ठाऊक असतं.

या सगळ्याचे फोटो तारखेसह ठेवा. डिसेंबरात मिस्त्री "भिंत चांगली आहे की" म्हणतो तेव्हा ते कामाला येतात.

२. कागद: घर तुमचं आहे का, हे आधी विचारा

प्रश्न उद्धट वाटेल, पण कोकणात तो रास्त आहे. आमच्या सातबाऱ्यावर २३ नावं होती. त्यातले नऊ जण वारलेले, दोघांचा पत्ता नाही, आणि इतर हक्कात एका कुळाचं नाव. घर मात्र "आमचंच". म्हणजे राहायला आमचं, खर्चाला आमचं आणि विकायची किंवा वाटपाची वेळ आली की सगळ्यांचं.

भाऊबंदांशी संबंध कितीही गोड असोत, काम सुरू होण्याआधी हिस्सेदारांचं संमतीपत्र करून घ्या. ५०० रुपयांच्या स्टँप पेपरवर, नोटरीसमोर: अमुक घराची दुरुस्ती अमुक व्यक्ती स्वखर्चाने करत आहे, आमची हरकत नाही, आणि वाटपाच्या वेळी हा खर्च हिशेबात धरला जाईल. शेवटचं वाक्य सोडू नका. चुलत्यांना ते वाचून वाईट वाटेल या भीतीने मी ते आधी घातलं नव्हतं. घालायला सांगितलं ते माझ्या मोठ्या काकांनीच. संमतीपत्राने मालकी मिळत नाही. कुणी हक्क सोडायला खरंच तयार असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत करावं लागतं आणि मग फेरफार.

जमवायचे कागद:

- सातबारा आणि आठ-अ, दोन्ही ताजे
- ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घराचा असेसमेंट उतारा. मिळेल तितका जुना
- चालू वर्षाची घरपट्टीची पावती
- वारस नोंदीचे फेरफार
- हिस्सेदारांचं संमतीपत्र
- वीजबिल (बहुतेक घरांत मीटर अजून आजोबांच्या नावावर असतो, भार वाढवायचा असेल तर आधी नाव बदला)
- गावठाणात घर असेल आणि स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक. आमच्यासारखी सुट्या वाडीतली घरं गावठाणाबाहेर असतात, तिथे सातबाऱ्यावरच भागवावं लागतं.

कौलं परतणं, गिलावा, लाद्या ही नुसती दुरुस्ती. पण जोतं वाढवायचं, मजला चढवायचा किंवा घर पाडून बांधायचं तर परवानगी लागते. ग्रामसेवकांना (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, वाडीत अजून ग्रामसेवकच म्हणतात) कामाचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दुरुस्तीला लागत नसली तरी पोच घ्या. पुढेमागे कुणी तक्रार केली तर ती एक चिठ्ठी पुरते.

समुद्राजवळ घर असेल तर सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) बघायलाच हवं. समुद्रकाठी भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा त्यात येतो. खाडीकाठी पट्टा अरुंद असतो. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोतं आणि क्षेत्र न वाढवता. पहिली सीआरझेड अधिसूचना फेब्रुवारी १९९१ ची, त्यामुळे त्याआधीचा असेसमेंट उतारा मिळाला तर तो लॅमिनेट करू नका, पण जपून ठेवा. "होमस्टेसाठी मागे दोन खोल्या काढू" हा बेत इथेच अडतो, आणि अडलेला बरा. काम झाल्यावर नोटीस येण्यापेक्षा.

३. तपासणी: टोचा, बॅटरी आणि एक म्हातारा सुतार

सोबत घ्या: पाच मीटर टेप, ओळंबा, टोचा किंवा जाड स्क्रूड्रायव्हर, हातोडी, बॅटरी, खडू, शिडी, वही. आणि गावातला एखादा जुना सुतार, ज्याला या कामाचं कंत्राट मिळणार नाहीये. त्याला दिवसाची हजेरी द्या. मी दिलेल्या पैशांत सर्वांत मोलाची तीच हजेरी होती.

त्यांनी वाकसाच्या पाठीने एकेक वासा ठोकत नेला. चांगल्या लाकडाचा आवाज टण्ण येतो, खाल्लेल्याचा भद्द. पाचव्या वाशापाशी थांबून त्यांनी भिंतीत गेलेल्या टोकाजवळ टोचा घातला. तो मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात जावा तसा. बाहेरून वासा तुळतुळीत, तेल दिलेला. "हा वासा नाही, भुसा आहे," इतकंच बोलले आणि खडूने फुली मारून पुढे गेले. एकूण ३४ वाशांपैकी ११ फुल्या. अकराही टोकं भिंतीतली. वाळवी भिंतीच्या मातीतून चढते आणि जिथे लाकूड भिंतीत शिरतं, ओल असते, उजेड नसतो, तिथेच खाते. मधला वासा बघून काही कळत नाही.

खांबांचं तेच. खांबाचा पाय जिथे जमिनीला टेकतो तिथे टोचा. बुडाखाली दगडी तळखडा असेल तर बहुधा बरं असतं. नंतर कुणी कोबा घालून तळखडा गाडला असेल तर खांब कुजलेलाच समजा.

भिंतींना ओळंबा लावा. फुगलेली भिंत, छताजवळ सुरू होऊन खाली येणारी भेग, दाराच्या चौकटीवरची तिरकी भेग, हे दिसलं तर सिव्हिल इंजिनिअरला बोलवा. इथे सुताराचं किंवा माझं ऐकू नका.

लाकूड बदलायचं ठरलं की घरचे म्हणतात, "परड्यात फणस आहे की." आहे, पण तो परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत फणस, आंबा, साग, ऐन, किंजळ ही सगळी झाडं आहेत, मग ती तुमच्या मालकीच्या जमिनीत का असेनात. वनखात्याची परवानगी आणि गिरणीपर्यंत न्यायला वाहतूक परवाना, दोन्ही लागतं. शिवाय ओलं लाकूड लगेच वापरलं तर वाकतं. आधीच्या वर्षी तोडलेलं चालतं. आम्ही जवळच्या गावात पाडलेल्या एका घराचे जुने वासे घेतले, नव्यापेक्षा स्वस्त पडले आणि पन्नास वर्षं मुरलेले होते.

४. स्लॅब की कौलं

सगळ्यात जास्त वाद याच्यावर होतो, म्हणून थेट आकडे. चार इंची स्लॅबचं वजन चौरस फुटाला साधारण २३ किलो. आमच्या ९०० फुटांवर वीस टनांच्या वर. कौलारू छप्पर वासे-रिपांसकट चौरस फुटाला सहा-सात किलो. मातीत रचलेली चिऱ्याची भिंत त्या सहा-सात किलोंसाठी उभी केलेली आहे. तिच्यावर स्लॅब टाकायचा तर आत वेगळे आरसीसी खांब आणि त्यांचा पाया हवा, म्हणजे घरात दुसरं घर. जो मिस्त्री म्हणेल "नुसता बीम फिरवू आणि टाकू स्लॅब", त्याला चहा पाजून वाटेला लावा.

कौलांविरुद्धचा खरा मुद्दा एकच, वानर. टोळी छपरावरून एकदा पळत गेली की वीस-पंचवीस कौलं जातात, आणि शाकारणीला (कौलं परतायला) माणूस मिळत नाही. म्हणून पुष्कळांनी पत्रे घातले. पत्रा पावसात कान बसवतो, एप्रिलात भाजून काढतो, आणि खाऱ्या वाऱ्यात स्क्रूच्या भोकापासून गंजायला लागतो. आम्ही मधला मार्ग काढला: वाशांवर आधी पत्रा, त्यावर रिपा आणि वर कौलं. कौल फुटलं तरी पाणी आत येत नाही. खर्च वाढतो, आणि पत्रा-कौलांच्या मधे पालापाचोळा साठतो तो दर मे महिन्यात काढावा लागतो. सांगून ठेवतो.

कौलं घेताना एक फसगत टाळा. जुनं कौल उलटं करून पाठीवरचा छाप वाचा. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, मग त्या किनाऱ्यावर कितीतरी कारखाने झाले आणि प्रत्येकाच्या कौलाची खाच थोडी वेगळी. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या कौलात बसेलच असं नाही. मी ४०० नवी कौलं टेंपोने आणली आणि जुन्यात एकही धड बसलं नाही, सगळ्यांना बोटभर फट. शेवटी मागच्या पाख्याला (छपराच्या उताराला) सगळी नवी आणि पुढच्या पाख्याला सगळी जुनी असं वाटप केलं, आणि कमी पडली म्हणून पुन्हा टेंपो. आधी चार कौलं नमुन्याला आणा, बसवून बघा.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं आणि दापोली-मंडणगडकडची छपरं उघडी पडली, तेव्हापासून वळचणीच्या खालच्या दोन-तीन ओळी तारेने रिपेला बांधून घेतात. काही कौलांच्या पाठच्या बोंडाला त्यासाठीच भोक असतं. किरकोळ काम आहे, पण सुताराला आधीच सांगा, कारण नंतर कुणी चढत नाही.

५. ओल: सगळा पैसा इथे वाचतो किंवा बुडतो

जुन्या घराची जमीन शेणाने सारवलेली होती, भिंतींना माती-चुन्याचा गिलावा होता. जमिनीतली ओल सगळीकडून थोडी थोडी वर येऊन वाळून जायची. आपण काय करतो? जमिनीवर कोबा, त्यावर गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल. खालून येणारी वाफ अडली. मग ती जाते कुठे? भिंतीत. भिंतीलाही आपण सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिकचा रंग चढवलेला. ती ओल कंबरेच्या उंचीपर्यंत चढते आणि तिथे रंगाला फोड येतात, पोपडे पडतात, पांढरं मीठ फुलतं. आमच्या वडिलांनी पश्चिमेची भिंत अशीच "पक्की" करून घेतली होती. दोन पावसाळ्यांत गिलावा परातीएवढ्या पापुद्र्यांनी सुटला आणि पाठीमागचा चिरा नखाने खरवडता येईल इतका मऊ झाला होता.

मग करायचं काय? क्रमाने सांगतो, कारण क्रम उलटला की खर्च दुप्पट.

आधी बाहेर. घराभोवती दोन-अडीच फुटांची पट्टी बाहेरच्या बाजूला उताराची आणि तिच्या कडेला पाणी वाहून नेणारी चर. खळ्यात पेव्हर ब्लॉक किंवा कोबा घालताना खळ्याची पातळी वाढते, आणि जोतं तीन फुटांचं दोन फुटांवर येतं. तेवढी ओल वर सरकली. खळं आधी खणून खाली न्या, मग ब्लॉक.

मग वाळवी. जमीन उकरलेली असतानाच जोत्याच्या कडेने भोकं पाडून वाळवीचं औषध सोडून घ्या. लाद्या बसल्यावर हे काम करायचं तर लाद्यांना भोकं पाडावी लागतात.

मग गिलावा. चुन्याचं काम येणारा गवंडी मिळाला तर सोडू नका. नाही मिळाला तर एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू, असा मऊ गिलावा साध्या गवंड्यालाही जमतो. त्यावर चुन्याची सफेदी किंवा श्वास घेऊ देणारा रंग. आतल्या दोन भिंती आम्ही चिरा उघडा ठेवून फक्त दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरल्या. झडीच्या भिंतीला मात्र उघडा चिरा ठेवू नका, फोटोत कितीही छान दिसला तरी. तिथे वळचण फूटभर वाढवणं जास्त उपयोगाचं.

वाळूबद्दल एक. खाडीची वाळू खारट असते. मीठ भिंतीत गेलं की ओल कायमची, आणि आरसीसीत गेलं की सळी गंजून काँक्रीट फुटतं. आमच्या गवंडीकाकांनी पहिल्या डंपरमधून चिमूटभर घेऊन जिभेवर ठेवली, थुंकले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "परत ने." मला लाज वाटत होती, भाडं दिलेलं होतं. त्यांना नाही वाटली. खात्रीची नदीची वाळू मिळत नसेल तर क्रश सँड घ्या.

६. अंदाजपत्रक: वहीतली दोन पानं

डाव्या पानावर अंदाज, उजव्या पानावर प्रत्यक्ष. आमचं उजवं पान असं भरलं:

- छप्पर (वासे, रिपा, पत्रा, कौलं, सुतारमजुरी): ३,१०,०००
- भिंती, गिलावा, बाहेरची पट्टी, चर: १,७५,०००
- न्हाणीघर, संडास, सेप्टिक टाकी: १,६०,०००
- घरातली जमीन (लाद्या): १,०५,०००
- वायरिंग: ७०,०००
- स्वयंपाकघराचा ओटा: ६०,०००
- दारं, खिडक्या, रंग: ५५,०००
- वाहतूक, हमाली, टँकर, माझ्या फेऱ्या: ५८,०००

या रकमा आमच्या वाडीतल्या आणि त्या वर्षीच्या. तुमचे दर वेगळे असतील, पण कुठे चुकतं ते बहुतेक सारखंच असतं.

छपरात १ लाख १० हजार वाढले. मी ९०० चौरस फुटांचा हिशेब धरला होता. छप्पर कधीच जोत्याएवढं नसतं. चारी बाजूंची वळचण आणि उतार धरून आमचं १३७० भरलं. शंभर फुटांना दीडशे कौलं या हिशेबाने दोन हजारांच्या वर कौलं. त्यात अकरा वासे.

भिंतींत ६० हजार वाढले, कारण जुना गिलावा काढल्याशिवाय आतलं दिसत नाही. हा आकडा आधी कुणालाच सांगता आला नसता.

संडासात ४५ हजार, कारण टाकीच्या खड्ड्याला चार फुटांवर कातळ लागला आणि ब्रेकर मागवावा लागला. टाकीची जागा ठरवण्याआधी पहारीने दोन-तीन ठिकाणी चाचपून बघायला हवं होतं. शोषखड्डा विहिरीपासून निदान साठ फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्या. जांभ्यातून पाणी झिरपतं, त्यामुळे आणखी लांब नेता आला तर न्या.

आणि ५८ हजारांचं शेवटचं कलम माझ्या डाव्या पानावर नव्हतंच. रस्ता वाडीपर्यंत येत नसेल तर प्रत्येक चिरा, प्रत्येक गोण दोनदा उचलली जाते. एप्रिलात विहीर आटली की गिलाव्यावर मारायला पाणीही विकत.

म्हणून: जे दिसतं त्याचा अंदाज काढा, त्यात वाहतुकीचं कलम वेगळं घाला आणि एकूण रकमेच्या चौथ्या हिश्शाइतके पैसे बाजूला ठेवा, ज्यांना लाद्यांच्या दुकानात हात लावायचा नाही. पैसे कमीच असतील तर या क्रमाने करा: छप्पर, बाहेरचं पाणी, वाळवी, संडास, वायरिंग. लाद्या आणि रंग पुढच्या वर्षी. सारवलेल्या जमिनीवर एक वर्ष निघतं, गळक्या छपराखाली नव्या लाद्यांवर निघत नाही.

कर्जाचं थोडक्यात. सामाईक सातबाऱ्यावर बँका नाक मुरडतात, पतपेढी देते पण व्याज जास्त. राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे. त्यासाठी कर्ज काढू नका, काढलंच असेल तर विसरू नका.

७. मिस्त्रीशी बोलणी

काम देण्याच्या तीन रीती आहेत: रोजावर, मजुरी अंगावर (म्हणजे ठरवलेल्या ठोक दराने) आणि मालासकट अंगावर. जुन्या घरात उकलल्याशिवाय काय निघेल ते कळत नाही, म्हणून छप्पर आणि भिंती रोजावर किंवा मजुरीवर द्या, माल तुम्ही आणा. संडास, लाद्या, ओटा ही मोजता येणारी कामं, ती अंगावर द्यायला हरकत नाही. रोजावरच्या कामाला मात्र घरचं कुणीतरी गावात हवं. मुंबईतून व्हिडिओ कॉलवर रोजाचं काम होत नाही.

कागदावर लिहा: कुठलं काम, कुठल्या मापाने (चौरस फूट, रनिंग फूट की ब्रास), दर किती, जुना माल कुणाचा, राडारोडा कोण उचलणार, जादा कामाचा दर काय. कौलांच्या कामात "फुटलेली कौलं कुणाच्या खात्यात" हेही लिहा.

उचल दहा टक्क्यांहून जास्त देऊ नका. पहिल्या मिस्त्रीला मी चाळीस टक्के दिले, माणूस बोलायला फार गोड. छप्पर उतरवलं, शिमगा आला, पालखी नाचवायला म्हणून गेला तो तीन आठवडे फोन बंद. घर वरून उघडं, माजघरात आजीची पेटी ताडपत्रीखाली. नंतरच्या मिस्त्रीला छप्पर बंद झाल्यावर एक हप्ता, गिलाव्यानंतर एक, लाद्यांनंतर एक असे दिले आणि काम सरळ झालं.

८. वेळापत्रक मागून मोजा

मिरग (मृग नक्षत्र) ७ जूनच्या आसपास लागतो. तिथून उलटं मोजत या.

मे: रंग, सफाई, बाहेरची चर. लग्नसराईत मजूर मिळत नाहीत, म्हणून मोठं काम मेवर ठेवू नका.
मार्च-एप्रिल: लाद्या, ओटा, वायरिंगचं शेवटचं काम. आंबा सुरू होतो, गडी बागेत जातात, टेंपोचं भाडं वाढतं.
फेब्रुवारी: गिलावा, न्हाणीघर. होळीच्या आधी जे उरकेल ते उरकेल.
डिसेंबर-जानेवारी: छप्पर. उतरवणं आणि चढवणं सलग, मधे देवाची जत्रासुद्धा नको.
नोव्हेंबर: माल आणणं, वासे रंधून तेल किंवा वाळवीचं औषध देणं, बाहेरचं खणकाम.

दिवाळीआधी छप्पर उघडू नका. ऑक्टोबरात दुपारी तीनपर्यंत ऊन असतं आणि चारला विजांसकट कोसळतो.

९. वायरिंग

जुनी लाकडी पट्टीची वायरिंग पूर्ण काढून टाका, तुकडे जोडू नका. अर्थिंग नवं घ्या. जांभा कोरडा झाला की अर्थिंग नीट काम करत नाही, म्हणून खड्डा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ घ्या किंवा उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा. मेन बोर्डला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, ओल्या भिंतीच्या घरात तर नक्कीच. बोर्ड झडीच्या भिंतीवर नको.

१०. शेवटचा हप्ता मिरगानंतर

एकूण मजुरीतले दहा टक्के मागे ठेवा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर द्या. हे करारात पहिल्याच दिवशी लिहा, शेवटी सांगितलंत तर भांडण होतं. मिस्त्री कुरकुरतो, पण आपल्या कामावर भरवसा असलेला कबूल होतो.

आमचा पाऊस त्या वर्षी उशिरा आला, जूनच्या शेवटी. रात्री साडेअकराला मी माजघरात बॅटरी घेऊन उभा, सगळं कोरडं. पडवीत मात्र कोपऱ्यात टप, टप. सकाळी सुतार आले, शिडी लावली, वरून कोनाचं एक कौल काढून दाखवलं: चुनखडीचा भर घालताना राहिलेली दोन बोटांची फट. अर्ध्या तासात भरली. खाली उतरले, हात धुतले आणि म्हणाले, "आता दे." मी पाकीट काढलं, तर आई आतून म्हणाली, अजून एक सर येऊ दे.